दोन मितींतला पाइप

साहित्यचर्चेच्या या पानावर पाइपातून वाहणाऱ्या पाण्याचा विषय काढावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गोंदिया जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे एकाच विभागात शिकवीत आलो आहोत. आकडेमोडीशी आमचा संबंध गुणपत्रिकेच्या बेरजांपुरता. तरीही एका दिवाळीच्या सुटीत सलग काही संध्याकाळी आम्ही संगणकाच्या पडद्यावर एका लांबट आयतात रंग सरकताना पाहत बसलो, आणि त्या आयताने आम्हांला आमच्याच व्यवसायाविषयी, म्हणजे वाचनाविषयी आणि भाषेविषयी, पुष्कळ विचार करायला लावला. त्या विचाराची ही टिपणे.

निमित्त झाला एक जुना विद्यार्थी. अकरावी-बारावीला तो आमच्याकडे मराठी शिकला होता. घरी धानाची शेती, शिक्षण सगळे मराठी माध्यमातून. पुढे तो यंत्र अभियांत्रिकीला गेला, आणि पहिल्याच वर्षी ते शिक्षण सोडून परत यायला निघाला होता. त्याचे कारण त्याने एका वाक्यात सांगितले: "समजत नव्हतं असं नाही सर, समजलेलं सांगता येत नव्हतं." आता तो शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या मागून येणाऱ्या, तंत्रनिकेतनातून आलेल्या मुलांसाठी त्याने द्रवांच्या प्रवाहावर मराठीतून टिपणे काढायला घेतली होती. विषय होता संगणकावर पाइपातल्या प्रवाहाची प्रतिकृती कशी उभारायची, तीही दोन मितींत. "सर, मॅडम, तुम्ही शब्द तेवढे पाहून द्या, बाकीचं माझं मी पाहतो," असे म्हणून त्याने वही पुढे केली. पण शब्द पाहायचे तर वस्तू पाहावी लागते. अर्थ न कळता शब्द सुचविणे हा भाषेच्या अध्यापकाला शोभणारा उद्योग नव्हे. तेव्हा आम्ही त्याला म्हटले, आधी आम्हांला शिकव.

त्याने मांडलेला प्रश्न दिसायला अगदी साधा होता. एक सरळ, गोल पाइप. आतला व्यास २० मिलिमीटर, लांबी १ मीटर. एका तोंडाने पाणी सेकंदाला सरासरी ५ मिलिमीटर या संथ वेगाने आत शिरते आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. आत प्रत्येक ठिकाणी त्याचा वेग किती, दाब किती, एवढेच शोधायचे. या प्रश्नाचे उत्तर कागदावरही काढता येते, आणि ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. जर्मनीत गोटहिल्फ हागेन या जलअभियंत्याने १८३९ मध्ये, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये प्वाझय या वैद्याने, अरुंद नळ्यांतून पाणी किती वाहते याची मोजमापे केली. प्वाझयला कुतूहल होते ते रक्ताचे. शरीरातल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून रक्त कसे पुढे सरकते, हे समजण्यासाठी तो काचेच्या नळ्यांत पाणी सोडत बसला होता. दोघांच्याही हाती एकच नियम आला. दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर वाहणारे पाणी निम्मे होत नाही, चौथाईही होत नाही. ते सोळावा हिस्सा उरते.

असे का होते, हे समजायला एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि आम्हांला ती फार विलक्षण वाटली. पाइपाच्या भिंतीला चिकटलेले पाणी हलत नाही. मधले पाणी धावत असते, त्याला लागून असलेला थर जरा मागे राहतो, त्याच्या पलीकडचा आणखी मागे, आणि अगदी कडेचा थर भिंतीला धरून उभा असतो. थर एकमेकांना धरून ठेवतात. या धरून ठेवण्याच्या गुणाला इंग्रजीत जो शब्द आहे तो ज्या लॅटिन शब्दापासून आला, तो आपल्याकडच्या बांडगुळाच्या जातीच्या एका वनस्पतीचे नाव आहे. तिच्या फळांतल्या चिकापासून पाखरे पकडायचा चिकटा करीत. मराठी परिभाषेत या गुणाला 'श्यानता' म्हणतात. संस्कृतात 'श्यान' म्हणजे थिजलेले, थंडीत तूप थिजते तसे. भाताची पेज आणि साधे पाणी एकाच भांड्यातून ओतून पाहिले की या शब्दाचा अर्थ कोणालाही कळतो. शब्द मात्र तसा कळत नाही.

हे सारे गणित ज्या समीकरणांत बसते, ती नाव्हिए या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये आणि पुढे १८४५ मध्ये स्टोक्स याने मांडली. सरळ पाइपासारख्या मोजक्या प्रसंगी ती कागदावर सुटतात. पाइपाला बाक आला, आत पडदा आला, तोंड अरुंद झाले, की सहसा सुटत नाहीत. तेथे संगणक लागतो. आमच्या विद्यार्थ्याने वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव ओपनफोम. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्याचा उगम झाला आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. लाखांच्या घरातले परवाने परवडत नाहीत अशा मुलांना ही मोठी सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याची पाठमालाही आहे. आमचा विद्यार्थी तिच्यावरच घरी बसून शिकला.

आता संगणक नेमके करतो काय? तो पाइपाच्या पोटात एक जाळी टाकतो. जाळीची घरे लहान लहान. प्रत्येक घरात पाण्याचा एक वेग, एक दाब. एका घरातून जेवढे पाणी बाहेर पडले तेवढे शेजारच्या घरात गेलेच पाहिजे; मध्ये ते हरवता कामा नये, नव्याने उपजताही कामा नये. हे ऐकताच आम्हां दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच चित्र आले, आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे ते आधीपासून असणार. आमच्या भागात धानाच्या शेताचे धुरे घालून तुकडे पाडलेले असतात, त्यांना बांधी म्हणतात. वरच्या बांधीच्या धुऱ्याला तोंड पाडले की पाणी खालच्या बांधीत उतरते. वरून किती आले, खाली किती गेले, आपल्यात किती राहिले, याचा हिशेब शेतकरी मनात ठेवतो, आणि हिशेब चुकला की शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. संगणकाची जाळी म्हणजे हजारो बांध्यांचे एक शेत. त्याच्या वहीत 'नियंत्रित आकारमान' असा एक कोरडा शब्द होता. तो आम्ही राहू दिला, पण पहिल्या ओळीत बांधीचे उदाहरण घालायला सांगितले.

येथे एक नाव सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसावे. या हिशेबाची जी पद्धत जगभर रुजली, तिच्या दोन कर्त्यांपैकी एक मराठी माणूस आहे. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, आयआयटी मुंबईतून पुढचे शिक्षण घेऊन लंडनला ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे संशोधनाला गेले. या गुरुशिष्यांनी १९७२ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'सिंपल' असा शब्द होतो. आमच्या विद्यार्थ्याने वापरलेल्या आज्ञेचे नावच सिंपलफोम होते. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८० मध्ये निघालेले त्यांचे पाठ्यपुस्तक दोनशे पानांच्याही आतले आहे, आणि ते त्यातल्या गणिताइतकेच गद्याच्या स्वच्छतेसाठी नावाजले गेले. त्या पुस्तकात त्यांनी चार मूलभूत नियम घालून दिले आहेत. त्यांतला पहिला नियम म्हणजे आमचा बांधीचाच नियम: दोन घरांमधल्या सामाईक कडेतून एकातून जे निघेल तेच दुसऱ्यात शिरले पाहिजे.

या पद्धतीचे मर्म आम्हांला अपरिचित वाटले नाही. वेग काढायचा तर दाब माहीत हवा, आणि दाब काढायचा तर वेग. दोन्ही अज्ञात. मग काय करायचे? दाबाचा एक अंदाज धरायचा. त्यावरून वेग काढायचे. त्या वेगांनी हिशेब मांडला की दिसते, अमुक घरात पाणी जास्त झाले, तमुक घरात कमी पडले. ही तूट पाहून दाबाचा अंदाज दुरुस्त करायचा, आणि पुन्हा आरंभ. दुरुस्तीही एकदम पूर्ण करायची नाही, तिचा काही अंशच घ्यायचा. नाहीतर आकडे उलट्या दिशेला उसळतात आणि सारेच बिघडते. कादंबरी वाचताना आपण तरी वेगळे काय करतो? पहिल्या प्रकरणावरून साऱ्या पुस्तकाचा एक अंदाज बांधतो, त्या अंदाजाच्या उजेडात पुढची प्रकरणे वाचतो, ती अंदाजात बसत नाहीत तेव्हा अंदाज थोडा बदलतो. भाग समजायला पूर्ण हवे आणि पूर्ण समजायला भाग हवेत, हा अर्थनिर्णयनाच्या शास्त्रातला जुना पेच. आम्ही तो एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी समजावून सांगतो. त्यातून बाहेर पडायची रीत एका पुणेकर अभियंत्याने नळीतल्या पाण्यासाठी इतकी नेमकी लिहून ठेवली असेल, याची आम्हांला कल्पना नव्हती.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. विद्यार्थ्याने पाइप उभा कापल्यावर दिसेल तसा एक आयत घेतला: लांबी १ मीटर, उंची २० मिलिमीटर. वरची कड भिंत, खालची कड भिंत. डावीकडून पाणी आत, उजवीकडून बाहेर. गणित चालवले. रंग सरकले, डाव्या तोंडाजवळ सर्वत्र सारखा असलेला वेग हळूहळू मध्यभागी वाढला आणि कडांना मंदावला; काही अंतर गेल्यावर त्याचा आकार स्थिर झाला. मध्ये टोक आणि दोन्हीकडे उतार असलेली ती सुंदर कमान, जिला गणिती लोक अन्वस्त म्हणतात. सगळे मनासारखे. पण एक आकडा जुळेना. पुस्तक सांगत होते, गोल पाइपात मध्यभागीचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो, म्हणजे येथे सेकंदाला १० मिलिमीटर. पडद्यावर आकडा होता साडेसात. सरासरीच्या दीडपट.

त्याने आधी दोष जाळीला दिला. उभ्या दिशेने वीस घरे होती, त्याने चाळीस केली, मग ऐंशी. "मॅडम, जाळी बारीक करून पाहिली, पन आकडा हालतच नाही. उलट दीडवर आनखी पक्का बसते." सॉफ्टवेअर प्रत्येक फेरीला उरलेली तूट छापत असते, ती दशलक्षात एक इतकी खाली आली होती. म्हणजे हिशेब चोख होता. आम्हांला या ठिकाणी खरे तर काहीच कळत नव्हते. पण वहीत पुढे एका शब्दाला त्याने प्रश्नचिन्ह केले होते. इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ पाचर. पाठमालेत पाइपासाठी पाचरीचा आकार घ्यायला सांगितला होता आणि पाइपात पाचर कशाला, हे त्याला उमगत नव्हते. म्हणून त्याने ती पायरी सोडून साधा आयत घेतला होता. सुताराच्या पाचरीचा येथे काय संबंध, याचा आम्ही तिघेही विचार करीत होतो. पाठातली आकृती पाहिली तेव्हा लक्षात आले, की ती पाचर नव्हेच. ती टरबुजाची फोड आहे. पाइपाच्या मधल्या अक्षापासून भिंतीपर्यंत कापलेली, आत अरुंद आणि बाहेर रुंद, पाच अंशांची पातळ फोड. अशा बहात्तर फोडी जोडल्या की गोल पाइप होतो.

फोड हा शब्द उच्चारल्याबरोबर तो एकदम उठून उभा राहिला. त्याला चूक दिसली होती. त्याच्या आयताला पाइप गोल आहे हे सांगितलेलेच नव्हते. कागदाला आडव्या दिशेत तो आयत कितीही पसरतो, म्हणजे ते दोन अफाट सपाट पाट्यांमधले पाणी झाले. त्या पाण्याला फक्त वरून आणि खालून भिंत आहे, बाजूंनी नाही. पाट्यांमध्ये मधला वेग सरासरीच्या दीडपटच असतो. संगणकाने त्याच्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते. प्रश्न पाइपाचा नव्हता, एवढेच. त्याने फोड घेऊन गणित पुन्हा चालवले. मधला वेग दहाला जाऊन टेकला. एक मीटर लांबीत पाण्याचा दाब किती उतरतो तोही आकडा बदलला: आयतात ०.१५ पास्कल होता, फोडीत ०.४. दोन्ही कपटे दोन मितींचेच, जाळी दोन्हींत सारखीच सपाट. पण एका कपट्याला आपण कशाचा भाग आहोत हे ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. यातला फरक किती दूर जातो पाहा. पाट्यांमधले अंतर निम्मे केले तर पाणी आठवा हिस्सा उरते; गोल नळी निम्मी केली तर सोळावा. आयतावर विश्वासून कोणी अरुंद नळीचा अंदाज बांधला, तर तो दुपटीने फसेल, आणि त्याच्याजवळ दशलक्षात एकाच्या अचूकतेचा दाखलाही असेल.

आम्ही हे वाक्य मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण त्यात आमच्या क्षेत्राचे वर्म आहे. तूट शून्याला आली याचा अर्थ समीकरण सुटले. योग्य समीकरण विचारले होते असा त्याचा अर्थ नाही. समीक्षेत आम्ही सगळे छेदच घेत असतो. कथेचा वर्गीय छेद, जातीय छेद, स्त्रीवादी छेद, देशीवादी छेद. छेद घेणे यात गैर काही नाही; सबंध वस्तू एकदम कोणालाच दिसत नाही, आणि मिती कमी केल्यावाचून गणितही होत नाही आणि वाचनही होत नाही. प्रश्न असा आहे की घेतलेल्या छेदाला आपण गोल वस्तूतून निघालो आहोत याची आठवण आहे की नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक शोधनिबंधांत जाळी अत्यंत बारीक असते. प्रतिमांची मोजदाद, तळटिपांची दाटी, कोष्टके. निष्कर्ष दीडवर आणखी पक्का बसतो. आणि लेखकाच्या मनातली वस्तू बाजूंनीही बंदिस्त होती, तिला चहूंकडून भिंत होती, याचा पत्ताच नसतो. आमच्या झाडीपट्टीतल्या लेखनाविषयी बाहेर जे लिहिले जाते त्यात हे आम्ही नेहमी पाहतो. 'मागास भागातील साहित्य' हा एक सपाट आयत. त्यात नक्षलवाद, जंगल, दारिद्र्य एवढे बसते. रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक, त्यातला विनोद, तिकीट काढून बसलेला शेतकरी प्रेक्षक, हे त्या आयताच्या आडव्या दिशेला असते; आणि ती दिशा मोजायची नाही असे आधीच ठरलेले असते.

मात्र सॉफ्टवेअरची बाजू आपण फार रंगवू नये. फोडीतले गणित बरोबर आले म्हणून आमच्या गल्लीतल्या नळाचे कोडे सुटत नाही. विद्यार्थ्याच्या पाइपात पाणी इतके संथ आहे की थर थरावरून शिस्तीने सरकतात. ऑस्बोर्न रेनल्ड्स याने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवले, की वेग वाढत गेला की एका टप्प्याला ही धार थरथरते, मोडते आणि सगळ्या पाण्यात मिसळून जाते. तो टप्पा ज्या संख्येने ओळखतात ती गोल पाइपात दोन हजारांच्या आसपास असते. विद्यार्थ्याच्या पाइपात ती शंभर होती. गावाच्या पाणीयोजनेतल्या १०० मिलिमीटरच्या पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वाहू लागले तर ती एक लाख होते. तेथे शिस्तीचे थर नाहीत, सारा कल्लोळ आहे. तेथे सोळाव्या हिश्शाचा नियमही चालत नाही. व्यास निम्मा केला तर पाणी सहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. दोन मितींची कमान तेथे उपयोगाची नाही, वेगळी गणिते लागतात.

आणि वेगळ्या गणितांतही सगळे येत नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. कागदावर उद्दिष्ट माणशी सारखे असते; पाइपात टाकीजवळचे घर आणि टोकाचे घर सारखे नसते. आमच्यापैकी एकाच्या गल्लीत शेवटच्या तीन घरांना उन्हाळ्यात धार अशी येतच नाही. विद्यार्थ्याला ती गल्ली दाखवली. त्याने पाइपाचा व्यास विचारला, लांबी विचारली, चढ पाहिला. मग हळूच विचारले, "टिल्लू पंप किती घरी हायेत?" वरच्या घरांनी नळाला टिल्लू पंप लावून पाणी ओढले की पुढच्या पाइपातला दाब पडतो, फार पडला तर सांध्यांतून गटाराचे पाणीसुद्धा आत ओढले जाते. हा पंप नियमाने लावता येत नाही, म्हणून तो कोणत्याही आराखड्यात नसतो. प्रतिकृतीच्या कडेला काय धरायचे हे माणूस ठरवतो. तो जे धरत नाही, त्याची तूट संगणक छापत नाही.

जुन्या व्यवस्थेत ही कड निराळ्या रीतीने धरली जाई. आमचा जिल्हा तलावांचा. नवेगावबांधसारखे तलाव बांधण्याचे श्रेय परंपरा कोहळी समाजाला देते. तलावाच्या पाळीतून पाणी सोडण्याच्या जागेला तुडूम म्हणतात. पाळीला बोलीत पार म्हणतात, कारण झाडीबोलीत ळच्या जागी र येतो. पाण्याची पाळी कोणाची, आधी कोणी घ्यायचे, हे माणसांच्या बैठकीत ठरे. म्हणजे टिल्लू पंपाचा प्रश्न त्या हिशेबात आरंभीच घेतलेला असे. त्या व्यवस्थेत मालगुजाराची सत्ता होती, जातीची उतरंड होती, आणि ती सोन्याची होती असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर हे शब्द आले नाहीत. दप्तरात 'विमोचक' आला, तुडूम गावात राहिला.

शब्दांचा प्रश्न शेवटी येथेच येतो. मराठी विश्वकोशाने द्रव आणि वायू या दोहोंना सामावणारा 'द्रायू' हा शब्द दोन शब्द जोडून घडवला आणि त्याच्या शास्त्राला 'द्रायुयामिकी' म्हटले. घडण चांगली आहे. आम्ही तिचा आदर करतो. शिस्तीच्या प्रवाहाला 'स्तरीय' आणि कल्लोळाच्या प्रवाहाला 'संक्षुब्ध' हेही अर्थवाही शब्द आहेत. संक्षुब्ध मन ज्याला कळते त्याला संक्षुब्ध पाणी कळायला वेळ लागत नाही. अडचण शब्द घडवण्याची नाही, ते वापरले न जाण्याची आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला वाट करून दिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले. पण भाषेची प्राचीनता सिद्ध होणे आणि तिच्यात एका मुलाला आपल्याला समजलेले सांगता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी कोणी ताम्रपट शोधत नाही.

त्याच्या वहीत आम्ही शेवटी फार थोडे बदल केले. श्यानता ठेवली, तिच्याखाली पेजेचे उदाहरण घातले. पाइपाला 'नळ' म्हणू नकोस, आपल्याकडे नळ म्हणजे तोटी, असे सांगितले. पाइप हाच शब्द राहिला. अक्षसममित ठेवला, पण पाचर काढून फोड केली. त्याला भीती होती की परीक्षक हसतील. आम्ही म्हटले, हसू देत; आकृती पाहिल्यावर थांबतील. भिंतीशी पाण्याचा वेग शून्य असतो या अटीला मात्र चांगला शब्द सापडला नाही. 'अघसरण अट' असा एक प्रयत्न झाला, तो तिघांनाही पटला नाही. मग त्याने स्वतःच लिहिले: 'भिंत धरण्याची अट.' प्रवाहात उतरलेला माणूस काठ धरून राहतो तसे. हा शब्द टिकेल की नाही हे त्या टिपणांवरून शिकणारी मुले ठरवतील.

टिपणे आता तीन तंत्रनिकेतनांतल्या काही मुलांकडे झेरॉक्स होऊन गेली आहेत. त्यांतल्या एकाने विचारल्याचे कळले, की बांधीच्या उदाहरणात उन्हाने उडून जाणारे आणि जमिनीत मुरणारे पाणी कोठे धरायचे. प्रश्न उत्तम आहे. पाइपात तो येत नाही, बांधीत येतो. म्हणजे मुलगा उदाहरणालाही छेद म्हणूनच वाचतो आहे. आपापल्या भागात पाण्याच्या चालीला, अडण्याला, मुरण्याला, भोवऱ्याला जे शब्द असतील ते वाचकांनी आम्हांला जरूर कळवावेत. कोशात असोत वा नसोत, ते आम्हांला हवे आहेत. पुढच्या वहीत कल्लोळाचे प्रकरण यायचे आहे.